नावेचे सांधे

नांव आणि नाव या दोन शब्दांमध्यें आमच्या भाषेंत केवळ एका अनुस्वाराचें अंतर आहे. इतिहासांत मात्र तें अंतर फार मोठें पडतें. ज्यांनीं नावा बांधल्या त्यांचीं नांवें बहुधा उरलीं नाहींत, आणि ज्यांचीं नांवें ग्रंथांत उरलीं त्यांनींच त्या नावा पहिल्यानें बांधल्या होत्या असेंही नेहमीं आढळत नाहीं. या एका गोष्टीचा विचार करण्यासाठीं आम्ही आज एक अगदीं लहानशी नाव निवडली आहे. आरमारी गलबतांचा किंवा युद्धनौकांचा थाट तिच्यांत नाहीं. एक किंवा दोन माणसांनीं बसावें, वल्हें हातांत घ्यावें, आणि पुढें नदी संपली तर तीच नाव उचलून खांद्यावर घ्यावी, इतकीच तिची योग्यता. उत्तर अमेरिकेंत तिला कनू म्हणतात. सीडर नांवाच्या हलक्या लांकडाच्या अरुंद पट्ट्या एकमेकींस जोडून अशी कनू घरच्या घरीं बांधण्याचा छंद त्या देशांत गेलीं पन्नास वर्षें चांगलाच रुजला आहे. शिक्षक, कारकून, डॉक्टर अशीं सुतारकामाशीं वंशपरंपरागत संबंध नसलेलीं माणसें सुटीच्या दिवसांत आपल्या तळघरांत किंवा मोटारीच्या खोलींत ती बांधीत असतात. या छंदाच्या पोटांत केवढा इतिहास दडलेला आहे, हें त्या पट्ट्यांच्या सांध्यांकडे निरखून पाहिलें म्हणजे कळतें.

प्रश्न मुळांत साधा आहे. झाड हें निसर्गानें अखंड घडविलेलें असतें. माणसास नाव पाहिजे ती झाडाहून रुंद आणि झाडाहून हलकी. एकच ओंडका कोरून केलेल्या डोणींत सांधाच नसतो, म्हणून ती गळत नाहीं. परंतु ती जड असते, आणि तिची रुंदी ओंडक्याच्या घेरापलीकडे फारशी जाऊं शकत नाहीं. हलकी आणि रुंद नाव हवी असेल तर लांकूड पातळ करून तें जोडलें पाहिजे. सांधा आला कीं फट आली, आणि फट आली कीं पाणी आलें. थेंबें थेंबें तळें सांचतें ही म्हण घरांत काटकसर शिकविते. नावेंत ती मरण शिकविते. या संकटास मनुष्यजातीनें निरनिराळ्या काळीं पांच उत्तरें दिलीं : फळ्या शिवणें, एकीवर एक चढविणें, एकीच्या खाचेंत दुसरी बसविणें, सर्वांवर आच्छादन घालणें, आणि अखेर त्या चिकटविणें. चमत्कार असा कीं, कनूच्या इतिहासांत हीं पांचही उत्तरें आढळतात, आणि त्यांतील शेवटचीं चार तर केवळ दीडशें वर्षांच्या आंत एकामागून एक पुढें आलीं.

येथें लांकडाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण नांवाचा घोटाळा येथूनच सुरू होतो. लेबाननच्या पर्वतावरील खरा सीडर हा आमच्या हिमालयांतील देवदाराचा सख्खा भाऊ होय. याच लेबाननी लांकडाची, सुमारें ४३ मीटर लांबीची नाव इजिप्तच्या खुफू राजाच्या पिरॅमिडच्या पायथ्याशीं सन १९५४ मध्यें सांपडली. तिचें वय सुमारें साडेचार हजार वर्षें, आणि तिच्या फळ्या दोरांनीं एकमेकींस बांधलेल्या होत्या. अमेरिकेंतील वसाहतवाल्यांना नव्या खंडांत एक सुवासिक, सहज न कुजणारें लांकूड दिसलें, तेव्हां त्यांनीं जुनें ओळखीचें नांव त्याला देऊन टाकलें. वास्तविक तीं झाडें निराळ्याच कुळांतलीं आहेत. आमच्याकडे बंगल्याच्या फाटकाशीं जी मोरपंखी लावतात, तिच्या नात्यांतलीं तीं म्हणावींत. तीं उभीं सरळ फाटतात, वजनानें अत्यंत हलकीं असतात, आणि ओल सोसतात. हे तीन गुण होड्या बांधणारास सोन्याहून मोलाचे.

सर्वांत जुनें उत्तर शिवण्याचें. कॅनडाच्या आणि अमेरिकेच्या ईशान्य भागांतील अल्गाँक्विन, मालिसीट, मिकमॅक, अटिकामेक, ओजिब्वे इत्यादि मूळच्या लोकांनीं भूर्जवृक्षाच्या सालीची कनू सिद्ध केली होती. तिच्या बांधणीची रीति आमच्या सुतारांस उलटी वाटेल. आपण आधीं सांगाडा उभारतों आणि मग त्यावर फळ्या ठोकतों. येथें आधीं कातडी आणि नंतर हाडें. उन्हाळ्याच्या आरंभीं सोललेली साल जमिनीवर पसरून तिच्यावर दगड ठेवावयाचे. भोंवतीं खुंट्या रोवून तिच्या कडा उभ्या करावयाच्या. सालीचे तुकडे स्प्रूस झाडाच्या चिरलेल्या मुळांनीं शिवावयाचे. वरच्या कांठाला सीडरची चौकट त्याच मुळांनीं बांधावयाची. मग आंतून सीडरचे पातळ पापुद्रे अंथरावयाचे, आणि सर्वांच्या शेवटीं कढत पाण्यानें वांकविलेल्या सीडरच्या फासळ्या ठोकून ठोकून आंत बसवावयाच्या, कीं ज्यायोगें सबंध साल मृदंगाच्या पुडीप्रमाणें ताणली जावी. शिवणींवर स्प्रूसचा डिंक, चरबी व कोळशाची पूड यांचें मिश्रण लावलें म्हणजे काम पुरें झालें. लोखंडाचा एक खिळाही लागला नाहीं. पापुद्रे आणि फासळ्या करवतीनें कापलेल्या नसून फाडलेल्या असत, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. करवत लांकडाचे तंतु तोडीत जाते. फाडलेलें लांकूड आपल्या तंतूंच्या वाटेनेंच जातें, म्हणून तें पातळ असूनही मोडत नाहीं.

या नावेचें मोल युरोपियनांस लवकर कळलें. सन १६०३ मध्यें शाँप्लें हा फ्रेंच प्रवासी सेंट लॉरेन्स नदीच्या धबधब्यांपाशीं आपली होडी पुढें नेऊं शकला नाहीं, आणि येथून पुढें जावयाचें तर येथल्या लोकांच्या कनूंवांचून गत्यंतर नाहीं, असा स्पष्ट निर्वाळा त्यानें दिला. पुढें दोनशें वर्षें लोकरीच्या कातड्यांचा सारा व्यापार या सालीच्या नावांवर चालला. मॉंट्रिअलकडून सरोवरांकडे जाणाऱ्या मोठ्या कनू ३६ फूट लांबीपर्यंत असत, आणि त्यांत दोन-तीन टन माल व वल्हेकऱ्यांची पलटण जात असे. वाटेंत शिवण उसवली तर कांठावरच नाव उपडी करावी, रानांतून मूळ उपटून आणावें, डिंक तापवावा, आणि तासाभरांत पुढें निघावें. जेथें नाव फुटे तेथेंच तिच्या दुरुस्तीचें सामान उगवलेलें असे, हा शिवलेल्या सांध्याचा सर्वांत मोठा गुण होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑंटेरिओ प्रांतांतील पीटरबरो गांवाच्या आसपास दुसरा अध्याय सुरू झाला. हा मिसिसागा लोकांचा मुलूख. सालीच्या कनू आणि ओंडक्याच्या डोण्या दोन्ही तेथें चालत. गोऱ्या वसाहतवाल्यांस शिकारीची व शर्यतीची आवड होती, परंतु डोणी खांद्यावर घेऊन रानांतून चालणें त्यांस जड जाई. जॉन स्टीफन्सन नांवाच्या सुतारी कारखानदारानें डोणीच उपडी ठेवून तिचा सांचा केला, तिच्यावर फासळ्या वांकविल्या, आणि रुंद पातळ फळ्या त्यांवर बसविल्या, असें सांगतात. लेकफील्डच्या टॉमस गॉर्डनचे अभिमानी हाच मान गॉर्डनला देतात. उभय गांवांचा हा तंटा अद्याप मिटलेला नाहीं. तंटा कोणीं जिंकावा याच्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. आम्हांस दिसतें तें इतकेंच कीं, दोघांपुढेंही नमुना तयार होता. पुढून मागून सारखी निमुळती, वर उघडी, एका बाजूस वल्हें मारून चालविण्याजोगी अशी ती आकृति वसाहतवाल्यांच्या आगमनापूर्वीं शेंकडों वर्षें पाण्यावर होती. नवा होता तो फक्त सांधा.

आणि सांध्याची हीच गोष्ट पेटंटाच्या कचेरींत गेली. राइस सरोवराच्या कांठच्या डॅनिअल हेराल्डनें दोन पदरांची कनू काढली : आंतला पदर आडव्या फळ्यांचा, बाहेरचा उभ्या फळ्यांचा, आणि मध्यें सफेता लावलेलें कापड. स्टीफन्सननें सन १८७९ च्या सुमारास आणखी धीट कल्पना लढविली. त्यानें फळ्या टाकूनच दिल्या. सीडरच्या अरुंद पट्ट्या घेऊन, प्रत्येकीच्या एका कडेला जीभ व दुसऱ्या कडेला खाच पाडून, त्या वाफेनें वांकविल्या, आणि नावेच्या एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत एकीला लागून एक अशा बसविल्या. जणूं सारी नाव फासळ्यांचीच! पुढें याच पट्ट्या नावेच्या लांबीनें घालण्याचीही तऱ्हा निघाली, आणि ‘सीडर-पट्टीची कनू’ या नांवानें पीटरबरोची कीर्ति समुद्रापार पसरली. १८८३ च्या आगेंमागें तेथें कंपनी उभी राहिली. १८९२ मध्यें तिचा कारखाना जळाला, आणि त्या राखेंतून पीटरबरो कनू कंपनी निघाली, ती १९६१ पर्यंत चालली.

रुंद फळीऐवजीं अरुंद पट्टी कां, याचें उत्तर लांकडाच्या स्वभावांत आहे. लांकूड भिजलें कीं फुगतें, सुकलें कीं आंकसतें. परंतु तें तंतूंच्या आडव्या दिशेनें, लांबीच्या दिशेनें जवळ जवळ नाहींच. रुंद फळी सुकली म्हणजे तिचें सारें आंकसणें एका सांध्यावर येऊन पडतें, आणि तेथें उघड फट दिसूं लागते; नाहींतर फळीच उभी चिरते. तीच रुंदी दहा पट्ट्यांत वांटली तर प्रत्येक सांध्याच्या वाट्यास दशांश भार येतो. एकत्र कुटुंबांत एकाच खांद्यावर पडणारें ओझें दहा खांद्यांवर वांटावें, तशांतलाच हा प्रकार. पाण्यांत टाकल्यावर पट्ट्या फुगून एकमेकींस घट्ट दाबतात आणि पाणी आपोआप अडतें. उलट, कोरड्या हवेंत नाव वर्षभर टांगून ठेवली तर हेच सांधे सैल पडतात. खाचेच्या सांध्यास अशी पाण्याची संगत सतत लागते.

त्याच सुमारास न्यू यॉर्क संस्थानांतील कँटन गांवीं जे. हेन्री रश्टन (१८४३–१९०६) हा कारागीर दुसऱ्या मार्गानें जात होता. त्याचा मार्ग जुन्या नॉर्वेच्या नावांचा. १८८० मध्यें गोक्स्टाड येथें उकरून काढलेली प्राचीन नाव त्याच पद्धतीची आहे. छपरावर कौलें घालावीं तशी एका फळीची कड दुसरीवर चढवावयाची आणि दोन्ही कडा तांब्याच्या चुकांनीं खिळावयाच्या. रश्टन कडा इतक्या नाजुक तासून घेई कीं बाहेरून पायरी जाणवूं नये. क्षयानें कृश झालेला जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स हा लेखक त्याचें गिऱ्हाईक होता. जड होडी उचलणें त्याच्या शक्तीबाहेरचें होतें. त्याच्यासाठीं रश्टननें १८८३ मध्यें ९ फूट लांबीची आणि अवघ्या साडेदहा पौंड वजनाची कनू केली. सीअर्सनें तिचें नांव ठेवलें ‘सेरी गँप’. डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरींतील ही बाई पाण्यास शिवत नाहीं, तिचें सारें प्रेम दुसऱ्या पेयावर. आणि ही नावही पाणी आंत घेत नाहीं! त्या नावेंतून त्या दुबळ्या मनुष्यानें अडिरॉन्डॅक पर्वतांतील सरोवरांची २६६ मैलांची सफर पुरी केली. नाव अद्याप संग्रहालयांत सुरक्षित आहे. सांधा चांगला साधला तर रोग्यासही रान मोकळें होतें, हें तिनें दाखविलें.

चौथें उत्तर मेन संस्थानांत मिळालें. तेथले बांधणारे सालीच्या कनूचेच वारस होते. सालीऐवजीं त्यांनीं कॅनव्हसचें कापड घेतलें एवढेंच. सांच्यावर ठिकठिकाणीं लोखंडाच्या पट्ट्या बसविलेल्या असत. फासळ्या त्यांवर वांकवून वरून सीडरच्या पातळ फळ्या चुकांनीं ठोकल्या कीं, चुकेचें टोंक खालच्या लोखंडावर आपटून उलटें वळे आणि लांकडांत पुन्हां शिरे. ठोकणें आणि वळविणें एकाच घावांत होई. मग वर कापड ताणून त्याचीं छिद्रें लेपानें भरीत. आतां फळ्यांचे सांधे पाण्यासाठीं घट्ट असण्याची गरजच उरली नाहीं, कारण पाणी अडविण्याचें काम कापडाकडे गेलें. कारखान्यास ही गोष्ट फार मानवली. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्धांत कॅनडा व अमेरिका या दोन्ही देशांत हीच कनू घरोघर झाली.

पांचवें उत्तर म्हणजे सरस. पण जुना नव्हे. हाडांपासून केलेला सरस पाण्यानें सुटतो, म्हणून नावेस तो निरुपयोगी. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेंमागें रसायनशास्त्रानें दोन गोष्टी हातीं दिल्या. एक कांचेच्या तंतूंचें कापड, आणि दुसरी पाण्यास दाद न देणाऱ्या कृत्रिम राळा. मिनेसोटांतील शर्यतीच्या कनू बांधणाऱ्यांनीं लांकडी पट्ट्यांवर हें कापड राळेनें चढविण्यास आरंभ केला. १९७० नंतर इपॉक्सी ही राळ नावा बांधणाऱ्या घरगुती माणसांच्या हातीं आली. आणि टेड मूर्स या कॅनेडियन कारागिराचें ‘कनूक्राफ्ट’ हें पुस्तक १९८३ मध्यें निघाल्यावर तर हें विद्यापीठ सर्वांसच खुलें झालें.

आजची घरगुती बांधणी कशी असते तें पाहूं. एका लांब सरळ पाटावर फूटफूट अंतरानें नावेच्या आडव्या छेदाचे सांचे उभे करतात. सीडरच्या पट्ट्या पाव इंच जाड आणि पाऊण इंच रुंद असतात. प्रत्येकीची एक कड बाहेर फुगीर गोल व दुसरी आंत खोलगट गोल तासलेली असते. खोलगट कड वर ठेवून तींत सरस सोडावयाचा, आणि पुढच्या पट्टीची फुगीर कड तींत दाबावयाची. नावेचें पोट जेथें वळतें तेथें दोन पट्ट्यांमधला कोन क्षणोक्षणीं बदलत असतो. कड सरळ असती तर प्रत्येक पट्टीस इंचाइंचावर निराळा उतार रंध्यानें द्यावा लागला असता. गोल कड गोल खळगींत, उखळींतल्या हाडाप्रमाणें, कोणत्याही कोनांत फिरते आणि फट दिसूं देत नाहीं. तळाशीं उरलेली माशाच्या आकाराची जागा मात्र एकेक पट्टी दोन्ही टोंकांस निमुळती तासूनच भरावी लागते, आणि तेथें कारागिराची परीक्षा होते.

पट्ट्या नावेएवढ्या लांब मिळत नाहींत, तेव्हां टोंकास टोंक जोडावें लागतें. येथें नवशिक्या हटकून दोन टोंकें समोरासमोर चिकटवूं पाहतो, आणि सांधा वांकवितांच तुटतो. कारण उघड आहे. लांकूड हा सूक्ष्म नळ्यांचा जुडगा होय. आडव्या छेदावर त्या नळ्यांचीं तोंडें उघडीं असतात, तीं सरस पिऊन टाकतात, आणि चिकटण्यास तंतूंची बाजू सांपडतच नाहीं. म्हणून दोन्ही टोंकें जाडीच्या आठपट लांबीचा उतार देऊन तिरपीं तासतात. पाव इंच जाडीस दोन इंचांचा तिरपा सांधा झाला कीं, सरसास लांबच लांब तंतूंची बाजू मिळते, आणि पट्टी अखंड असल्याप्रमाणें एका गोल बांकांत वळते. शेजारच्या पट्ट्यांचे असे सांधे एकाखालीं एक येऊं द्यावयाचे नाहींत, हा नियमही, भिंतींत विटांचे सांधे चुकविणाऱ्या गवंड्यास सांगावयास नको.

सर्व पट्ट्या बसल्यावर नाव घांसून गुळगुळीत करतात. मग बाहेरून आणि आंतून कांचेचें कापड राळेनें चढवितात. राळ भिनली कीं कापड अदृश्य होतें आणि सीडरचा तांबूस वर्ण कांचेखालीं चमकूं लागतो. येथें एक मौज घडलेली आहे, ती सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ज्या सांध्यांसाठीं एवढी खटपट केली, त्यांना आतां फारसें कामच राहिलेलें नाहीं. ताण आणि दाब सोसतात ते कापडाचे दोन पदर. लांकडानें त्यांस एकमेकांपासून दूर धरून ठेवलें कीं त्याचें कर्तव्य संपलें. पट्ट्यांमधला सरस कापड चढेपर्यंत आकार धरून ठेवतो, एवढेंच. सांधा होता तेथेंच आहे, सुंदरही आहे. पण त्याचा अर्थ बदलला आहे. शिवण सुटली तर सालीची कनू बुडत असे. आज पट्ट्यांचा एखादा सांधा थोडा कच्चा राहिला तरी नाव तरते. म्हणूनच तर ती शिक्षकास व कारकुनास बांधतां येते. विद्या हातांतून निघून डब्यांत गेली, तेव्हां ती सर्वांची झाली.

याला लाभ म्हणावें कीं हानि? आमच्या मतें दोन्ही. जी कला पूर्वीं एका जातीच्या किंवा एका कारखान्याच्या भिंतीआड होती ती आज कोणाही चिकाटीच्या मनुष्यास साध्य झाली, हें लहानसहान कल्याण नव्हे. परंतु शिवलेली नाव उसवून पुन्हां शिवतां येते, कापडाच्या नावेची मोडकी फासळी काढून नवी घालतां येते. राळेनें एकदां जोडलेलें मात्र सुटत नाहीं, तें कापूनच काढावें लागतें. शिवाय राळेचा डबा कारखान्यांतून येतो. मूळ रानांतून येत असे.

हा विचार आमच्या किनाऱ्यास परका नाहीं. पश्चिम किनाऱ्यावर काथ्यानें फळ्या शिवून गलबतें बांधण्याची चाल फार पुरातन आहे. भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ ग्रंथांत समुद्रगामी नावेस लोखंड वापरूं नये, कारण चुंबकाचे खडक तें ओढून घेतील, असें सांगितलें आहे. कारण काल्पनिक असलें तरी शिवण्याचा प्रघात त्यावरून उघड दिसतो. मार्को पोलोनें होर्मुझ बंदरांत अशीं शिवलेलीं गलबतें पाहून नाक मुरडलें. पण किनाऱ्याच्या लाटांत रेतीवर आपटणाऱ्या होडीस ताठ खिळ्यापेक्षां लवचिक काथ्याच मानवतो, हें त्या व्हेनिसकरास कोण सांगणार? खाचेच्या सांध्यांतही आम्ही मागें नव्हतों. ग्रोस हा इंग्रज १७५० मध्यें मुंबईस आला. सुरतेचे सुतार एका फळीची कड दुसरीच्या खाचेंत इतकी बेमालूम बसवितात कीं पाण्यास वाट मिळत नाहीं, असें त्याच्या प्रवासवर्णनांत (१७५७) नमूद आहे. म्हणजे पीटरबरोच्या खाचेचें तत्त्व शंभरांहून अधिक वर्षें आधीं तापीच्या मुखाशीं चाललें होतें. एकानें दुसऱ्याचें पाहून उचललें असें आम्ही म्हणत नाहीं. सारखें संकट आलें म्हणजे दूरदूरच्या हातांना सारखी युक्ति सुचते. आणि पेटंट मिळतें तें ज्याच्या गांवीं कचेरी असते त्याला. मुंबईच्या गोदींतून १८१७ मध्यें निघालेली ‘ट्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप पाण्यावर आहे. वाडिया कारागिरांचें नांव तिच्यामुळें टिकलें. सुरतेच्या त्या सुतारांपैकीं एकाचेंही नांव ग्रोसनें लिहिलें नाहीं.

आणि नोंद ठेवली नाहीं म्हणजे काय होतें याचें उदाहरण अगदीं अलीकडचें आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रावरून पांचव्या शतकांतील शिवलेलें जहाज पुन्हां बांधावें असें भारतीय नौदलानें व संस्कृति मंत्रालयानें ठरविलें. सप्टेंबर २०२३ मध्यें गोव्यांत त्याचा कणा घातला. फेब्रुवारी २०२५ मध्यें जहाज पाण्यांत उतरलें, मे महिन्यांत कारवार येथें तें ‘कौंडिण्य’ या नांवानें नौदलांत दाखल झालें, आणि डिसेंबरांत पोरबंदरहून मस्कतच्या सफरीवर निघालें. तें बांधतांना जुना आराखडा एकही हाताशीं नव्हता. होतें तें भिंतीवरचें एक चित्र, आणि केरळचे कारागीर बाबू शंकरन व त्यांचे सोबती यांचे हात. ते हात नसते तर चित्र मुकेंच राहिलें असतें.

सालीच्या कनूचें दैव या बाबतींत थोडें बरें. ओहायोंत जन्मलेला एडविन टॅपन ॲडनी (१८६८–१९५०) हा तरुण १८८७ मध्यें सुटीसाठीं न्यू ब्रन्सविकला गेला, आणि तेथें पीटर जो या मालिसीट कारागिराजवळ बसून कनू बांधावयास शिकला. पुढचें आयुष्य त्यानें जमातीजमातींच्या नावांचीं मापें घेण्यांत, शिवणी व गांठी टिपण्यांत, आणि शंभरांवर लहान नमुने अचूक करण्यांत घालविलें. धन त्याला मिळालें नाहीं. पुस्तक डोळ्यांनीं पाहणेंही नशिबीं नव्हतें. त्याच्या मृत्यूनंतर हॉवर्ड चॅपेलनें त्याचीं टिपणें जुळविलीं आणि १९६४ मध्यें स्मिथ्सोनियन संस्थेनें ग्रंथ छापला. सेझार नेवाशिश या अटिकामेक वृद्धाची सबंध बांधणी १९७१ मध्यें चित्रपटांत उतरली. अल्गाँक्विन वडीलधारे विल्यम कमांडा (१९१३–२०११) यांनीं उतारवयापर्यंत ती विद्या आपल्या लोकांत जागती ठेवली. पीटरबरो येथील कनूंच्या संग्रहालयानें २०२४ मध्यें नवी वास्तु उघडली; तेथें आज सालीच्या, ओंडक्याच्या, पट्ट्यांच्या अशा सहाशेंवर नावा एका छपराखालीं नांदत आहेत. ॲडनीनें आपल्या गुरूचें नांव लिहून ठेवलें, म्हणूनच आम्हीही येथें पीटर जो हें नांव लिहूं शकलों.

आमच्या कोंकणच्या बंदरांत, रेवसपासून तेरेखोलपर्यंत, मचवे आणि होड्या बांधणारे, फटींत कापूस व राळ ठासणारे, डोळ्यानेंच फळीचा बांक ओळखणारे वृद्ध हात कांहीं अजून आहेत. कांचेच्या कापडाची होडी तेथेंही आली आहे, आणि ती येऊं नये असें कोळ्यास सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं; हलकी, टिकाऊ, स्वस्त होडी हवी हें त्याचें म्हणणें स्टीफन्सनच्या गिऱ्हाइकांहून निराळें नाहीं. परंतु जुना सांधा सोडण्यापूर्वीं तो लिहून ठेवण्यास कोणाची हरकत आहे? आमच्या महाविद्यालयांतून दरसाल इतिहासाचे पदवीधर शेंकड्यांनीं बाहेर पडतात. प्रबंधांसाठीं विषय मिळत नाहीं अशी त्यांची नेहमींची तक्रार असते. त्यांतील दहांनीं जरी एकेका बंदरावर एकेक पावसाळा काढला, फळी कशी निवडतात, कशी भिजवितात, कोठें खाच पाडतात, त्या त्या कृतीस कोणता शब्द योजतात हें टिपून घेतलें, आणि सांगणाराचें नांव न विसरतां वहीच्या पहिल्या पानावर घातलें, तर नाव आणि नांव यांमधलें तें अनुस्वाराएवढेंच अंतर पुन्हां अनुस्वाराएवढें होईल.